सक्तीच्या पेपरातील आनंद : बारामती-इंदापूर आणि महाविद्यालयीन इंग्रजी

पदवीच्या ज्या विषयांकडे विद्यार्थी स्वतःहून वळत नाहीत, पण ज्यांच्यावाचून पदवीही हाती पडत नाही, अशा विषयांत अनिवार्य इंग्रजीचा क्रमांक ग्रामीण महाराष्ट्रात फार वरचा लागतो. अनिवार्य इंग्रजी म्हणजे इंग्रजी साहित्य हा विशेष विषय न घेतलेल्या विद्यार्थ्यालाही सक्तीने अभ्यासावा लागणारा भाषेचा पेपर. नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्याचे नाव आणि त्याचे श्रेयांक बदलले असले, तरी त्याच्याभोवतीची धास्ती फारशी कमी झालेली नाही. बारामतीचे १९६२ मध्ये सुरू झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, विद्या प्रतिष्ठानच्या शिक्षणसंस्था, शारदानगरचे महिला महाविद्यालय, सोमेश्वरनगरचे मुगुटराव साहेबराव काकडे महाविद्यालय, इंदापूरचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय अशा संस्थांमुळे नीरा आणि भीमा या दोन नद्यांमधल्या पट्ट्यातील असंख्य मुलामुलींना घरापासून एसटीच्या अंतरावर उच्च शिक्षण मिळाले, आणि त्यांपैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच पिढी होती. या पिढीच्या बोलण्यात इंग्रजी ‘निघते’ किंवा ‘राहते’. ती कळली, आवडली, मनात घोळत राहिली, असे क्वचितच ऐकू येते. तरीही याच सक्तीच्या पेपरात कधी कधी असा एखादा तास, एखादा पाठ किंवा एखादे सत्र येते की ज्याची विद्यार्थ्याने अपेक्षाच केलेली नसते आणि जे पुढे अनेक वर्षे त्याच्या विचारांत राहते. हा अनपेक्षित आनंद कशातून उपजतो आणि त्यावरून इंग्रजीच्या अध्यापनाविषयी काय ठरवता येते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

आधी त्या धास्तीचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाऊ लागली. त्यापूर्वी ती पाचवीपासून सुरू होत असे. म्हणजे आज प्रथम वर्षाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीची बारा वर्षे मागे टाकलेली असतात, आणि तरीही फळ्यावरील एखादे सरळ वाक्य मोठ्याने वाचताना त्याची जीभ अडखळते. या बारा वर्षांत तो इंग्रजीपेक्षा इंग्रजीची प्रश्नपत्रिका अधिक शिकलेला असतो. गाईडमधील तयार उत्तरे, अपेक्षित प्रश्नसंच, रिकाम्या जागा आणि जोड्या यांच्या आधाराने त्याने पेपर सोडवलेले असतात, आणि या सगळ्या व्यवहारात आपल्याला काय वाटते, काय पटत नाही, काय ठाऊक आहे, हे त्या भाषेत सांगण्याचा प्रसंग त्याच्यावर आलेला नसतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘भावनिक गाळणी’ ही कल्पना प्रचलित केली. भीती, संकोच आणि न्यूनगंड यांनी ही गाळणी दाट झाली की कानावर आणि डोळ्यांवर पडणारी भाषा आत झिरपत नाही, असा तिचा आशय आहे. या कल्पनेवर पुढे बरीच टीका झाली, पण ग्रामीण महाविद्यालयातील इंग्रजीच्या वर्गाचे वर्णन म्हणून ती आजही चपखल बसते.

या भीतीवर सामान्यतः सुचवला जाणारा उपाय म्हणजे वर्ग रंजक करणे: चित्रफीत दाखवावी, खेळ घ्यावेत, विनोद सांगावेत. हा उपाय वाईट नाही, परंतु तो मनोरंजन आणि आकलनाचा आनंद यांची गल्लत करतो. मनोरंजनात विद्यार्थी प्रेक्षक असतो आणि तास संपताच ते संपते. आकलनाच्या आनंदात तो सहभागी असतो, आणि बऱ्याचदा तो आनंद श्रमाच्या पोटी येतो. लुईझ रोझेनब्लाट या अमेरिकन विदुषीने १९७८ मध्ये वाचनाचे दोन प्रकार वेगळे केले. पहिल्या प्रकारात वाचक मजकुरातून उपयोगाची माहिती उचलतो आणि मजकूर बाजूला ठेवतो. दुसऱ्यात तो वाचत असतानाच स्वतःचे अनुभव, आठवणी आणि शंका त्या मजकुराला भिडवतो, आणि अर्थ या दोहोंच्या भेटीतून तयार होतो. परीक्षेसाठीचे वाचन स्वभावतः पहिल्या प्रकारचे असते. ज्या तासाला विद्यार्थ्याला अनपेक्षित आनंद मिळतो, त्या तासाला तो नकळत दुसऱ्या प्रकारच्या वाचनात शिरलेला असतो. यावरून असे म्हणता येते की इंग्रजीच्या वर्गातील खरा आनंद हा अध्यापनावर वरून चढवलेला साज नव्हे. मजकुरासमोर ठेवण्याजोगे आपल्यापाशीही काही आहे, ही जाणीव विद्यार्थ्याला झाल्याची ती खूण आहे. जिथे ही जाणीव होत नाही, तिथे कितीही रंजक साधने वापरली तरी इंग्रजी परकीच राहते.

ही जाणीव सहजासहजी का होत नाही, याचे कारण इतिहासात सापडते. भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारे मेकॉलेचे टिपण १८३५ सालचे. नेमक्या त्याच सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन ब्रिटिश अधिकारी इंदापूर तालुक्यात जमिनीची नव्याने प्रतवारी करत होते. त्यापूर्वी प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेल्या मोजणीतील सारा शेतकऱ्यांना झेपला नव्हता आणि जमिनी ओस पडू लागल्या होत्या. म्हणून १८३६ मध्ये इंदापुरात कमी केलेले दर तीस वर्षांसाठी बांधून देण्यात आले, आणि प्रत्येक शेतकऱ्याशी सरकारने थेट करार करण्याची ही रयतवारी पद्धत पुढे मुंबई इलाख्याला नमुना ठरली. म्हणजे इंग्रजी भाषा इंदापूरच्या मातीत आली ती कवितेच्या किंवा कादंबरीच्या रूपाने नव्हे, तर सर्वेक्षणाच्या अहवालांच्या रूपाने. त्या भाषेत इंदापूरविषयी लिहिले जात होते, इंदापूरची जमीन, विहिरी, बैल आणि माणसे मोजली जात होती, पण इंदापूरच्या माणसाला त्या लेखनाला उत्तर देण्याची सोय नव्हती. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय म्हणून इंग्लंडमध्ये रूढ होण्याआधी तो वसाहतीतील भारतात आकाराला आला आणि त्यामागे राज्यकारभाराचे हेतू होते. अशा विषयात शिकणाऱ्याची जागा ऐकून घेणाऱ्याची असावी, हे त्याच्या घडणीतच होते, आणि स्वातंत्र्यानंतरही अभ्यासक्रमांनी ही जागा पुष्कळ काळ तशीच राखली.

मराठी समाजाने या भाषेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी घडवल्या. एका दृष्टीने ती वाघिणीचे दूध होती, जे पचवणारा बलवान होतो; दुसऱ्या दृष्टीने ती नोकरीची, सरकारी परीक्षेची आणि शहरात जाण्याची शिडी आहे. पहिल्या दृष्टीत राष्ट्रीय अभिमान होता आणि दुसरीत व्यवहार आहे. दोन्हींत तथ्यही आहे. परंतु दोन्हींत एक समान उणीव राहते, ती अशी की इंग्रजी घेणाऱ्याला फक्त घ्यायचे असते, त्याच्यापाशी देण्यासारखे काही असू शकते याचा विचार त्यांत होत नाही. महाविद्यालयीन वर्गातील आनंदाचा शोध घ्यायचा, तर तिसरी दृष्टी लागते: इंग्रजी ही अशी भाषा आहे की जिच्यात बारामती-इंदापूरविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांच्या पणतवंडांना आता ते तपासण्याचा अधिकार आहे.

ही दृष्टी प्रत्यक्ष वर्गात कशी उतरू शकते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सुपे हे आज बारामती तालुक्यात असलेले बाजारपेठेचे गाव १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यात होते. त्या वर्षी १२ मे रोजी तिथे शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला, आणि तिथून सुरू झालेले लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरले. अमेरिकन यादवी युद्धामुळे वधारलेले कापसाचे भाव कोसळले होते, तीस वर्षांची मुदत संपल्यावर साऱ्याचे दर वाढले होते आणि कर्जाचे दस्तऐवज न्यायालयात सावकाराच्या बाजूने बोलत होते. जमावाचा रोख मुख्यतः या कर्जरोख्यांवर होता. ते हाती लागले की जाळले जात, आणि माणसांना इजा करण्याचे प्रकार त्या मानाने कमी घडले. या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल इंग्रजीत लिहिला गेला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जापासून काही संरक्षण देणारा कायदा झाला, आणि १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या घटनांची दखल घेण्यात आली.

अशा अहवालाची दोन पाने प्रथम वर्षाच्या वर्गात वाचायला घेतली, तर पहिली गोष्ट घडते ती ही की रोमन लिपीत लिहिलेले कुळकर्णी, कुणबी, सावकार, खाते असे शब्द विद्यार्थ्याला भेटतात आणि ते पान ताबडतोब थोडे ओळखीचे होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इंग्रजी व्याकरणातील कर्मणी प्रयोग विद्यार्थ्याने शाळेत यांत्रिकपणे गिरवलेला असतो: रामाने रावणाला मारले, या वाक्याचे रावण रामाकडून मारला गेला, असे रूपांतर करायचे आणि एक गुण घ्यायचा. या रूपांतराचा उपयोग काय, हे त्याला कधी सांगितलेले नसते. सरकारी अहवालाची भाषा मात्र कर्मणी प्रयोगावरच उभी असते, आणि तिथे कर्ता बहुधा गाळलेला असतो: दर वाढवण्यात आले, तक्रारी अमान्य करण्यात आल्या, असे आढळून आले. दर कोणी वाढवले, तक्रारी कोणी फेटाळल्या, आढळले ते कोणाला, हे प्रश्न विद्यार्थी विचारू लागला की व्याकरणाचा तो कोरडा धडा सत्तेच्या भाषेचा धडा होतो. मराठीतही तलाठी कार्यालयातील नोटीस याच प्रयोगात लिहिलेली असते, हे त्याच्या लक्षात येते. त्या क्षणी इंग्रजीचा नियम आणि घरातल्या कपाटातील कागद एकमेकांवर प्रकाश टाकतात, आणि विद्यार्थ्याला जो आनंद होतो तो गुणांचा नसून उलगड्याचा असतो.

वाचनाबाबत जे खरे आहे, तेच लेखनाबाबतही खरे आहे. इंग्रजी निबंधासाठी दिले जाणारे पावसाळ्यातील एक दिवस, माझा आवडता छंद यांसारखे विषय विद्यार्थी पाठ करून येतो, कारण त्यांत सांगण्यासारखे नवे काही नाही हे त्याला आणि शिक्षकाला दोघांनाही ठाऊक असते. याउलट संत तुकाराम महाराजांची पालखी दर वर्षी आषाढी वारीच्या वाटेवर बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असा प्रवास करत इंदापुरात येते, आणि या वाटेवरच्या प्रत्येक गावातील विद्यार्थ्याने लहानपणापासून ती पाहिलेली असते. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीच्या रथाभोवती मेंढ्या धावतात. बेलवाडीत आणि इंदापुरात अश्वांचे गोल रिंगण होते. मेंढ्यांचे हे रिंगण ज्याने कधी पाहिलेले नाही अशा वाचकाला इंग्रजीत समजावून सांगा, एवढे एकच काम दिले तरी भाषेच्या अनेक अडचणी एकाच वेळी खऱ्या होऊन समोर येतात.

त्यांपैकी उपपदांची अडचण सर्वांत बोलकी आहे. उपपद म्हणजे नामापूर्वी येणारे ‘अ’, ‘अॅन’ किंवा ‘द’ हे छोटे शब्द; मराठीत ते नाहीत, म्हणून मराठी विद्यार्थी ते एक तर गाळतो किंवा अंदाजाने कुठेही पेरतो. नियम सांगतो की पहिल्यांदा उल्लेख होताना ‘अ’ आणि ओळख झाल्यावर ‘द’ वापरावे, पण पाठ केलेला हा नियम लिहिताना आठवत नाही. काटेवाडीचे रिंगण लिहिताना मात्र प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो: कोणता कळप, कोणता रथ, कोणते मैदान, हे वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे की नाही? रथ म्हटल्यावर काटेवाडीच्या माणसाला वेगळे काही सांगावे लागत नाही, कारण त्याच्या मनात तो रथ एकच आहे. केरळच्या किंवा कॅनडाच्या वाचकाला तो आधी दाखवावा लागतो आणि मगच ‘तो’ रथ म्हणता येतो. अशा रीतीने उपपद हा वाचकाविषयीचा विचार ठरतो, आणि आपल्याला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसेल, या साध्या पण महत्त्वाच्या जाणिवेची शिस्त विद्यार्थ्याच्या अंगी येते. काळाचेही तसेच आहे. दर वर्षी होणारे रिंगण सांगताना साधा वर्तमानकाळ आणि एखाद्या विशिष्ट वर्षीचे सांगताना भूतकाळ लागतो. रिंगणामुळे मेंढ्यांना रोगराई होत नाही अशी श्रद्धा नोंदवताना, हे लोकांचे म्हणणे आहे की लेखकाचे विधान आहे, हे वाक्याच्या रचनेतूनच ठरवावे लागते. बंगळूर येथे १९७९ पासून पाच वर्षे चाललेल्या प्रयोगातून एन. एस. प्रभू यांनी असे प्रतिपादन केले की विद्यार्थ्याचे लक्ष अर्थावर आणि कामावर खिळलेले असताना व्याकरण अधिक चांगले रुजते. रिंगणाचे वर्णन हे असेच एक काम आहे, फरक इतकाच की या कामात विद्यार्थ्याला शिक्षकापेक्षा अधिक माहिती असण्याचा पूर्ण संभव आहे.

साहित्याच्या वाचनालाही हाच न्याय लागू पडतो. दिलीप चित्रे यांनी तुकारामांच्या अभंगांची केलेली इंग्रजी भाषांतरे १९९१ मध्ये ग्रंथरूपाने आली. ज्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तुकारामांचे अभंग तोंडपाठ आहेत, अशा इंदापूरच्या विद्यार्थ्याला ती वाचताना शब्दकोशाची गरज कमी आणि निर्णयशक्तीची गरज जास्त लागते. भाषांतरात काय टिकले, काय सुटले, टाळ-मृदंगाच्या ठेक्याशिवाय अभंग उभा राहतो का, हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला आणि पुढच्या वर्षी राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळवणारा इंग्रजी कवितासंग्रह जगभर वाचला जातो. बारामतीच्या विद्यार्थ्यांना मात्र ती जेजुरी मोरगावच्या रस्त्याने गाठता येते, आणि त्यांपैकी कित्येकांच्या कुळाचा खंडोबा हाच देव असतो. कोलटकरांच्या कवितेतील वक्ता देवळांकडे भाविकाच्या नजरेने पाहत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी या संग्रहावर, त्याची नजर शहरातून आलेल्या पर्यटकाची आहे, अशा आशयाचा आक्षेप घेतला होता. उलट, श्रद्धा आणि संशय यांच्यामधली अवघड जागा हा कवी प्रामाणिकपणे दाखवतो, असे मानणारे रसिकही अनेक आहेत. हा वाद ज्या वर्गात उकरला जातो, तिथे भंडारा उधळलेला विद्यार्थी आणि देवाधर्माविषयी प्रश्न पडू लागलेला विद्यार्थी दोघेही बोलू लागतात, आणि इंग्रजीत बोलताना वाक्य चुकले तरी थांबत नाहीत, कारण सांगण्याची निकड चुकण्याच्या भीतीहून मोठी झालेली असते.

नीरा ओलांडली की लागणाऱ्या फलटणमध्ये बेबीताई कांबळे राहत. त्यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि माया पंडित यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड हे लेखन करणाऱ्या या लेखिकेने महारवाड्यातील बायकांचे जगणे, उपासमार आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने आलेली जाग जशी सांगितली, तशी ती इंग्रजीतून वाचताना वर्गातील सगळ्यांनाच सुख वाटेल असे नाही. कोणाला स्वतःच्या आजीचे बोल ऐकू येतील, तर कोणाला आपल्याच गावातील दुसऱ्या वस्तीकडे आपण कधी नीट पाहिले नव्हते, हे कळून अस्वस्थता येईल. आनंदाची व्याख्या या अस्वस्थतेला सामावून घेण्याइतकी रुंद असली पाहिजे, कारण जे समजल्याने माणूस आधीचा राहत नाही, ते समजण्यातच शिक्षणाची सार्थकता असते. मातृभाषेत जे बोलायला जड जाते, ते दुसऱ्या भाषेच्या किंचित अंतरावरून बोलता येते, हाही या वाचनाचा एक लाभ आहे.

दुसऱ्या भाषेचा आनंद ही कल्पना या परिसराला नवी नाही. मोरोपंत हे पंडित कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच निवर्तले. संस्कृत ही विद्येची, प्रतिष्ठेची आणि सामान्यांपासून दूर असलेली भाषा त्यांनी आत्मसात केली, आणि तिच्यातील महाभारत-रामायण मराठीत आणताना भाषेशी जे खेळ मांडले, ते थक्क करणारे आहेत. त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारले जाणारे वर्णच वर्ज्य केलेले आहेत. अशा रचनेच्या काव्यगुणाविषयी मतभेद होऊ शकतात, तथापि कठीण नियम स्वतःवर लादून घेऊन त्यात रमणारे मन भाषेला शरण गेलेले नसते, ती त्याच्या हातात आलेली असते, हे त्यातून दिसते. इंग्रजीच्या वर्गात विद्यार्थ्याला हा खेळकर अधिकार मिळाला, एखादी गोष्ट फक्त भूतकाळात, एखादे वर्णन एकही विशेषण न वापरता लिहिण्याचे आव्हान मिळाले, तर नियम हा शिक्षेचा विषय न राहता कौशल्याचा विषय होतो.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की स्थानिक मजकुरावर भर दिला तर विद्यार्थी आपल्याच तालुक्यात अडकून पडेल आणि इंग्रजीने उघडणारे विशाल जग त्याला कधी दिसणार नाही. परंतु इथे भूगोलापेक्षा वाचकाने बरोबर आणलेल्या शिदोरीचा प्रश्न आहे, आणि ती शिदोरी दूरच्या मजकुरापर्यंतही पुरते. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये म्हातारा राजा हयातीतच राज्याची वाटणी करतो, गोड बोलणाऱ्या दोन मुलींना सर्व देऊन टाकतो आणि खरे बोलणाऱ्या धाकटीला काहीच देत नाही. ज्या मुलखात सातबाऱ्यावरील नाव, वाटणीपत्र आणि बहिणींनी भावांच्या नावे करून दिलेले हक्कसोडपत्र हे घरोघरचे विषय आहेत, तिथल्या विद्यार्थ्याला, विशेषतः विद्यार्थिनीला, या नाटकाचा पहिला अंक समजावून सांगावा लागत नाही; उलट, हातातली जमीन गेल्यावर म्हाताऱ्या बापाचा घरातला मान कसा उतरतो, हे तीच वर्गाला सांगू शकते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणला, विंदा करंदीकरांनी ‘किंग लिअर’चे भाषांतर केले, शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये लिअरची व्यथा मराठी घरात नांदू लागली, मराठी मनाने दूरचे साहित्य आपलेसे केले ते आपल्या अनुभवाच्या जोरावरच. जवळून सुरुवात केलेला वाचक दूरवर अधिक खात्रीने जातो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखत देणाऱ्या किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला अहवाल आणि कविता कशाला, त्याला संभाषणाची वाक्ये आणि अर्जाचा नमुना द्यावा, असे म्हटले जाते. हा आक्षेप कळकळीतून येतो आणि त्याची टवाळी करणे अयोग्य ठरेल, कारण ज्याच्या घरात उसाच्या बिलावर वर्षाचा हिशेब अवलंबून असतो, त्याला नोकरीचा विचार आधी करावाच लागतो. परंतु मुलाखतीत पाठ केलेली वाक्ये पहिल्या उपप्रश्नालाच संपतात. ज्याने रिंगणाचे वर्णन अनोळखी वाचकासाठी केले आहे, अहवालातील गाळलेला कर्ता शोधला आहे आणि जेजुरीविषयी वर्गात वाद घातला आहे, त्याच्यापाशी पुढच्या प्रश्नाचेही उत्तर असते, कारण त्याने वाक्यांबरोबर विचार मांडण्याची सवय केलेली असते. आनंद आणि उपयोग यांत विरोध मानणे ही मुळातच चुकीची वाटणी आहे.

तिसरा आक्षेप मराठीच्या काळजीतून येतो: इंग्रजीची गोडी लागली की मराठी मागे पडेल. याचे उत्तर मराठी साहित्याच्या इतिहासानेच दिले आहे. मर्ढेकर, विंदा करंदीकर आणि नेमाडे यांनी महाविद्यालयांतून इंग्रजी शिकवली आणि मराठी कवितेचे व कादंबरीचे रूप पालटले. मराठीला इंग्रजीच्या गोडीपासून धोका नाही. धोका आहे तो तिच्या धास्तीपासून, कारण जी भाषा नीट येत नाही तिच्यासमोर न्यूनगंड वाटतो, आणि न्यूनगंडाने ग्रासलेला माणूस स्वतःच्या भाषेलाही कमी लेखू लागतो. दोन्ही भाषा एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचणाऱ्याला मात्र मराठीची वैशिष्ट्ये नव्याने दिसतात.

असा आनंद योगायोगावर सोडायचा नसेल, तर काही गोष्टी बदलाव्या लागतील. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आज बहुधा वह्या आणि चाचण्यांवर जातात. त्यांतील काही भाग विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एखादी व्यक्ती, व्यवसाय, दस्तऐवज किंवा प्रथा इंग्रजीत मांडलेल्या लेखनासाठी ठेवता येईल. अपठित उतारा, म्हणजे विद्यार्थ्याने पूर्वी न वाचलेल्या मजकुरावरील प्रश्न, हा परीक्षेचा उत्तम भाग आहे, कारण त्याला गाईड पुरत नाही. त्याचे वजन वाढायला हवे. वर्गात मराठीला मज्जाव असू नये, कारण विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजीत तो शोधणे सोपे जाते. हे सारे शिक्षकांवर अवलंबून आहे, आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणाऱ्या शिक्षकाकडून प्रत्येक विद्यार्थ्याचे लेखन वाचून परत देण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. रिक्त जागा भरणे आणि वर्ग लहान ठेवणे हे या अर्थाने वाङ्मयीन प्रश्नही आहेत. तरीही शिक्षकाच्या हातात एक गोष्ट कायम राहते: ज्या प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःला ठाऊक नाही, पण वर्गातील कोणाला तरी ठाऊक असू शकते, असा प्रश्न तो दर आठवड्याला विचारू शकतो.

बारामती आणि इंदापूरची ही महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या परिवारात आहेत, त्याला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. सावित्रीबाईंनी १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले होते, आणि ते आवाहन त्यांनी मराठी कवितेतून केले होते. त्यांना अभिप्रेत असलेली इंग्रजी अज्ञान आणि दास्य यांतून मोकळे होण्याची होती. साहेबापुढे मान खाली घालून उभे राहण्याची नव्हती. या परंपरेशी प्रामाणिक राहायचे, तर अनिवार्य इंग्रजीचे यश केवळ उत्तीर्णांच्या टक्केवारीवर मोजून भागणार नाही. विद्यार्थ्याने त्या भाषेतील मजकुराला स्वतःचा एक तरी प्रश्न विचारला का आणि त्या मजकुरात नसलेले काही स्वतःहून त्या भाषेत लिहिले का, ही त्याची खरी कसोटी आहे. ज्या पेपरात हे घडेल तो सक्तीचा असला तरी ओझे राहणार नाही, आणि त्यातला आनंद अनपेक्षित वाटण्याचे कारणही मग उरणार नाही.